तरडगाव ते फलटण : वारीतील एका दिवसाची चाल



ज्येष्ठ महिना लागला की आमच्या गट कार्यालयात दोन प्रकारची मंडळी येतात. एक म्हणतात, "साहेब, माझी लावण आधी नोंदवून घ्या, मला माउलींबरोबर जायचंय." दुसरे दाराशीच टेकतात आणि म्हणतात, "औंदा वारी चुकली बघा. आडसाली गळ्यात पडलीय." दोघांचीही अडचण खरी आहे. आषाढीची वारी आणि आडसाली उसाची लावण ही दोन्ही कामे पंचांगाने एकाच दारात आणून उभी केली आहेत. त्यातून अठरा-एकोणीस दिवसांची संपूर्ण वारी प्रत्येकाला जमत नाही. म्हणून अलीकडे आपले बरेच सभासद एक-दोन दिवसांचीच वाटचाल करतात. लोणंदला किंवा तरडगावला सामील व्हायचे, फलटणपर्यंत चालायचे आणि एस.टी.ने घरी परतायचे.

या लेखात आम्ही त्याच एका दिवसाविषयी सांगणार आहोत. तरडगाव ते फलटण हा सुमारे २१ किलोमीटरचा टप्पा आम्ही स्वतः चाललो आहोत. त्या दिवशी आमच्याबरोबर गटातील एक वडीलधारे सभासद होते. त्यांना आपण आबा म्हणू. त्या एका दिवसाने आबांच्या पायाचे एक बोट गेले आणि त्यांची त्या वर्षीची आडसाली लावणही गेली. त्यात आमचीही चूक होती. दुसऱ्या कोणाचे तसे होऊ नये म्हणून हा लेख.

आपल्या जिल्ह्यांचा आणि पालखीचा संबंध

माउलींचा सोहळा पुणे जिल्ह्यातून निघून सोलापूर जिल्ह्यात जातो, मध्ये सातारा जिल्हा फक्त लागतो, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हा सोहळा आज ज्या शिस्तीने चालतो, ती शिस्त लावणारा गृहस्थ आपल्या सातारा जिल्ह्यातलाच. सातारा तालुक्यातील आरफळचे हैबतबाबा हे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत घालून वारी सुरू केली. पुढे ज्ञानेश्वर महाराजांचा सोहळा स्वतंत्र झाला तो हैबतबाबांच्या पुढाकाराने, १८३२ च्या सुमारास. फौजेत वावरलेला माणूस तो. कोण पुढे, कोण मागे, कोणत्या इशाऱ्याला काय करायचे, हे सारे त्यांनी घालून दिले. आळंदीच्या महाद्वारातील पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

सांगली जिल्ह्याचाही यात वाटा आहे. सोहळ्याचे दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. ते मिरज-सांगली-सातारा या बाजूने पायी चालत आळंदीला पोहोचतात. म्हणजे पालखी आळंदीतून निघण्याआधीच वारीची पावले आपल्या कृष्णाकाठच्या रस्त्यावरून गेलेली असतात.

नीरा नदीत पादुकांना स्नान झाले की पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. तिथले पहिलेच गाव पाडेगाव. ऊस उत्पादकाला हे नाव नव्याने सांगायला नको. १९३२ सालापासून तिथे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे आणि को.एम. ०२६५ म्हणजे आपण ज्याला '२६५' म्हणतो तो वाण तिथूनच आपल्या शेतात आला. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पालखी नातेपुतेला सोलापूर जिल्ह्यात जाते.

वारी कधी आणि लावण कधी

आषाढी एकादशी दरवर्षी मागेपुढे होते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे इंग्रजी तारखेप्रमाणे एकादशी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, आणि अधिक महिना आला की एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. २०२२ साली एकादशी १० जुलैला होती, २०२३ साली २९ जूनला आली. त्यानंतर अधिक श्रावण झाला, म्हणून २०२४ साली ती १७ जुलैला गेली. २०२५ साली ६ जुलै. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती २५ जुलैची. फलटणचा मुक्काम साधारणतः एकादशीच्या आठ दिवस आधी येतो, हे एक लक्षात ठेवले की आपला चालण्याचा दिवस घरबसल्या काढता येतो. तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल तर एखादा दिवस फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी देवस्थानचे वेळापत्रक पाहावे.

आता लावण. आडसालीसाठी कृषी विद्यापीठाची शिफारस १५ जुलै ते १५ ऑगस्ट अशी आहे. म्हणजे एकादशी जूनअखेर आली तर वारी करून आल्यावर लावणीला सारा हंगाम मोकळाच असतो. ती २५ जुलैला आली तरी द्वादशी सोडून घरी परतल्यावर पंधरा-वीस दिवस हातात राहतात. तेव्हा वारीला जायचे म्हणून सरीत पाणी साचलेले असताना, बेणे न निवडता, बेणेप्रक्रिया न करता लावण उरकण्याचे काहीएक कारण नाही. अशा उरकलेल्या लावणीत तुटाळ किती पडते आणि नांगे भरायला किती मजूर लागतात, ते आमच्या गटातले कर्मचारी दरवर्षी पाहतात.

उशिराच्या वर्षी आम्ही असे सुचवतो : ताग मेअखेर पाण्यावर पेरावा. ४५ ते ५० दिवसांनी तो फुलावर येतो. वारीला निघण्यापूर्वी तो गाडून टाकावा. आपण चालत असता तो जमिनीत कुजत राहील. परत आल्यावर सरी सोडून, नऊ ते अकरा महिन्यांचे बेणेमळ्यातील बेणे आणून, प्रक्रिया करून लावण करावी. पाण्याच्या पाळीसाठी सावडीने कोणाला तरी सांगून जावे. तुमच्या मागे त्याने तुमची पाळी धरायची, पुढे त्याच्या अडचणीला तुम्ही धरायची. ही रीत आपल्याकडे सहकारी कायद्याच्या आधीपासूनची आहे.

दिवस कसा असतो

कृष्णाकाठच्या सभासदांना जायला रेल्वे सोयीची. मिरज-पुणे मार्गावर लोणंद हे स्टेशनच आहे. मात्र आपली गाडी तिथे थांबते का, ते आधी पाहावे. आम्ही आदल्या दिवशी लोणंदला उतरलो. लोणंद ते तरडगाव अंतर सुमारे आठच किलोमीटर, पण वाटेत चांदोबाचा लिंब येथे सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. दिंड्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहतात आणि मधून दोन अश्व धावत जातात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते, तो माउलींचा अश्व. गर्दी अफाट. लहान मूल किंवा म्हातारे माणूस बरोबर असेल तर कडेला, थोडे मागे उभे राहावे.

मुक्काम आमच्या भागातल्या एका दिंडीच्या राहुटीत होता. दिंडीत वाटेल तेव्हा घुसता येत नाही. आधी नाव द्यावे लागते, ठरलेली भिशी भरावी लागते. तिच्यातून जेवण, राहुटी, सामानाची मालमोटार हा खर्च भागतो. सामान मालमोटारीत जाते, आपण अंगावर फक्त पडशी घ्यायची.

पहाटे तीनच्या सुमारास राहुटीत हालचाल सुरू होते. कर्ण्याचे तीन इशारे होतात. पहिल्याला आवराआवर करून राहुट्या उतरवायच्या, दुसऱ्याला दिंड्यांनी आपापल्या जागी उभे राहायचे आणि तिसऱ्याला पालखी हलते. घड्याळ कोणी पाहत नाही, तरी लाखोंचा समाज ठरल्या वेळी निघतो. रथाच्या पुढे २७ दिंड्या आणि बाकीच्या मागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीत पुढे पताकावाले, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंगी, विणेकरी आणि त्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउल्या. आपली जागा सोडून पुढे जाऊ नये. चुकलात तर आपल्या दिंडीचा क्रमांक सांगा, कोणीही तिथे नेऊन सोडतो. म्हणून क्रमांक पाठ असावा आणि चिठ्ठीवर लिहून खिशातही असावा.

तरडगाव सोडल्यावर काळजचे दत्त मंदिर, मग सुरवडी, दुपारी निंभोऱ्याचा ओढा, पुढे वडजल आणि संध्याकाळी फलटणचा विमानतळ, असे त्या दिवसाचे विसावे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस दिसतो, पण हा मुलूख आपल्या कृष्णाकाठासारखा नाही. फलटणला पाऊस कमी, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. हा ऊस उभा आहे तो नीरा उजव्या कालव्यावर. १९२८ साली पुरे झालेले भाटघर आणि नंतरचे वीर, या धरणांच्या पाण्यावर या भागाचे नशीब पालटले. आम्हाला सवयीने सरी दिसत होती. कुठे पाचटाचे आच्छादन, कुठे ठिबकच्या नळ्या. आबा म्हणाले, "साहेब, वारीत तरी ऊस बघू नगासा." आम्ही हसलो, पण त्यांचीही नजर बांधावरच होती.

दिवसभराचा हिशोब पाहा. दिंडीत पाऊल लहान पडते, दोन फुटांचे धरू. २१ किलोमीटरला सुमारे ३५ हजार पावले होतात. प्रत्येक पावलाला साऱ्या शरीराचा भार एका पायावर येतो. आपण शेतकरी माणसे, चालण्याचे भय नाही असे म्हणतो. पण बांधावरची माती पायाखाली दबते आणि जमिनीच्या चढउताराप्रमाणे पाऊल सारखे बदलते. डांबरावर आणि काँक्रीटवर पायाचा तोच तो भाग पुनःपुन्हा घासतो. ऊन असले तर रस्ता तापतो. चौपदरीकरण झाल्यापासून रस्ता रुंद झाला आहे, सावली मात्र जुन्या रस्त्याइतकी राहिलेली नाही.

आमची चूक

आम्ही वारीसाठी नवे बूट घेतले होते. सुरवडीच्या न्याहारीपर्यंत टाच हुळहुळू लागली आणि निंभोऱ्याला पोहोचेतो चांगला फोड आला. आबा मात्र चपला पडशीत घालून अनवाणी चालत होते. त्यांचा तसा नेम होता. आम्ही लंगडताना पाहून त्यांनी थट्टा केली, "साहेब, माजं पाय न्हाई दुखत. तुमचंच बघा." आबांना आठ-नऊ वर्षांपासून साखरेचा विकार, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही मनात म्हटले, जुना वारकरी, पाय घट्टे पडलेले, त्याला काय होणार.

रात्री फलटणच्या तळावर राहुटीत आडवे झाल्यावर आमच्या बॅटरीचा उजेड सहज त्यांच्या पायावर पडला. उजव्या अंगठ्याशेजारच्या बोटाखाली काचेचा तुकडा रुतला होता. भोवती रक्त सुकून त्यावर धूळ बसलेली. "हे कधी लागलं?" म्हटले तर आबांनाच पत्ता नाही. काच काढली, पाण्याने धुतले, हळद लावली. तळावर सरकारी दवाखान्याचा तंबू होता, तिथे त्यांना रात्रीच न्यायला हवे होते. "सकाळी बघू," असे आम्हीच म्हणालो. सकाळी त्यांनी ऐकले नाही. गावी परतल्यावरही चार-पाच दिवस तसेच काढले. पुढे बोट काळे पडले, दवाखान्यात दीड महिना गेला आणि बोट काढावे लागले. लावणीचा हंगाम त्याच दीड महिन्यात निघून गेला. नांगरून ठेवलेले रान तसेच पडले.

दुखत नाही, हेच दुखणे

हे असे का होते, ते डॉक्टरांनी नंतर आम्हाला समजावले. साखरेच्या विकारात वर्षानुवर्षे रक्तातली साखर वाढलेली राहिली की शिरा आणि संवेदना नेणारे तंतू खराब होत जातात. त्यात सगळ्यात लांबचे तंतू पायाचे, म्हणून आधी पायच बधिर होतो. आपल्याला हे कालव्यावरून चटकन कळेल. कालव्याला गळती लागली, गाळ साचला, की पाणी आधी कोणाचे तुटते? टेलच्या शेतकऱ्याचे. वरच्या शेतकऱ्याला वाटते, पाणी तर चालू आहे! शरीराचा टेल म्हणजे पायाची बोटे. तिथे संवेदनाही पोहोचत नाही आणि जखम भरायला रक्तही पुरेसे पोहोचत नाही. ज्याचा पाय दुखतो तो थांबतो, बघतो, औषध लावतो. ज्याचा दुखत नाही तो त्याच काचेवर आणखी दहा हजार पावले चालतो.

आबा आमची थट्टा करीत होते तेव्हा खरा आजारी पाय त्यांचा होता. आमच्या फोडाचे दुखणे हे पाय जिवंत असल्याची खूण होती. हे तेव्हा कळते तर आम्ही त्यांना निंभोऱ्यालाच चपला घालायला लावल्या असत्या.

म्हणून ज्यांना साखरेचा विकार आहे त्यांनी वारीला जाऊ नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. जावे, पण पुढील गोष्टी पाळून :

१) निघण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावा, नुसती रक्ताची तपासणी पुरेशी नाही.

२) अनवाणी चालण्याचा नेम सोडावा. देवळात पाय ठेवण्यापुरत्या चपला काढाव्यात.

३) दर विसाव्याला आणि रात्री बॅटरी लावून तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर सोबत्याने पाहावे. वारीत एकमेकांच्या पाया पडतोच, त्यात पाय बघायला कसला कमीपणा?

४) पाय शेकायला गरम पाण्यात घालू नयेत. बधिर पायाला पाणी किती कढत आहे ते समजत नाही.

५) गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी चालू नये. घाम सुटून हात थरथरू लागले, डोळ्यापुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजून तत्काळ साखर किंवा गूळ खावा. आपल्या कारखान्याची दोन चमचे साखर पुडीत बांधून खिशात ठेवावी. जी एरवी वर्ज्य, तीच त्या वेळी औषध ठरते.

६) जखम लहान असली तरी त्याच दिवशी दवाखान्याच्या तंबूत दाखवावी. हळद लावून 'सकाळी बघू' म्हणू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे.

सर्वांसाठी पायांची निगा

फोड का येतो? घामाने कातडी ओली होते, घर्षणाने तापते, वरचा पापुद्रा एकीकडे सरकतो आणि आतला जागीच राहतो. मधल्या फटीत पाणी भरते. तेव्हा ओल आणि घर्षण या दोहोंवर उपाय केला की फोड टळतो. पादत्राण जुने, पायाला बसलेले, बोटांना थोडी जागा असणारे असावे. मोज्यांचे दोन जोड बरोबर घ्यावेत आणि ओला जोड लगेच बदलावा. टाचेला व बोटांना निघण्यापूर्वी व्हॅसलिन चोळावे. हुळहुळ जाणवताच थांबून चिकटपट्टी लावावी, फोड येण्याची वाट पाहू नये. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नये, कारण तीच त्याची मलमपट्टी असते. फार मोठा व टचटचीत फोड असेल तर दवाखान्याच्या माणसाकडून पाणी काढून घ्यावे. साखरेचा विकार असलेल्यांनी तर स्वतः सुई मुळीच लावू नये.

चालण्याची तयारी दीड महिना आधी सुरू करावी. पहिल्या आठवड्यात रोज तीन किलोमीटर, मग हळूहळू वाढवत एखाद्या रविवारी बारा-चौदा किलोमीटर. ही तयारी शेतात न करता डांबरी रस्त्यावर करावी, आणि जी पादत्राणे वारीत घालणार त्याच पादत्राणांनी.

पाणी आणि साखर-मीठ

पूर्वी पंढरीच्या यात्रेबरोबर पटकीची साथ फिरत असे, हे जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकले आहे. आता पाण्याचे टँकर टीसीएलने शुद्ध केलेले असतात. तरी ओढ्याचे, उघड्या विहिरीचे पाणी पिऊ नये. तहान लागण्याची वाट न पाहता तासाला अर्धा लिटरच्या हिशोबाने थोडे थोडे प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. घामावाटे मीठही जाते, म्हणून मीठ घातलेले ताक किंवा लिंबूपाणी चांगले.

जुलाब लागले तर मात्र साखर-मीठ-पाणी हाच उपाय : एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. यातली साखर गोडीसाठी नसते. आतड्यात साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आत जातात आणि आपल्यामागे पाण्याला ओढून नेतात. नुसते पाणी तितके आत जात नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकी पसरली, शिरेतून द्यायच्या बाटल्या संपल्या, तेव्हा बंगालमधील बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच तत्त्व वापरून हजारोंचे प्राण वाचवले. आपण पिकवलेल्या उसाचा याहून मोठा उपयोग आम्हाला ठाऊक नाही.

संध्याकाळची समाजआरती

फलटणच्या तळावर पालखी आली की समाजआरती होते, ती पाहिल्याशिवाय परतू नये. सर्व दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एका क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने मात्र टाळ वाजवतच राहायचे. मग चोपदार तिथे जातात, काय ते ऐकून घेतात आणि निवाडा होतो. हरवले-सापडले पुकारतात, उद्याची निघण्याची वेळ सांगतात आणि आरती होते. कारखान्याच्या वार्षिक सभेला हजर असणाऱ्या सभासदांना या पद्धतीतले मर्म वेगळे सांगायला नको. तक्रार करणाऱ्याचा टाळ ऐकू यावा म्हणून बाकीचे सगळे गप्प बसतात, आणि तक्रार नसलेला उगाच वाजवत नाही.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी सोहळा झाला नाही, पादुका एस.टी.ने पंढरपूरला नेल्या. त्या दोन वर्षांत चाल चुकल्याची हळहळ आबांनीही केली, एक बोट कमी असताना! २०२२ पासून पुन्हा वाट सुरू झाली तेव्हा ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, बूट कंचं घ्यायचं ते सांगा." आम्ही त्यांच्याबरोबर दुकानात गेलो. त्या वर्षी त्यांनी पूर्ण टप्पा न चालता फक्त वडजल ते फलटण एवढी चाल केली, दर विसाव्याला नातवाकडून पाय तपासून घेतले, आणि घरी येऊन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आडसाली लावली. लावणीची नोंद घ्यायला आम्ही गेलो तेव्हा ते बांधावर बूट घालूनच उभे होते.

एक शेवटची विनंती. वाटेवरची शेते आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची आहेत. उसात शिरू नये, कांड्या मोडू नयेत, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या सरीत टाकू नयेत. शौचासाठी फिरत्या शौचालयांचाच उपयोग करावा. फुटलेली बाटली रस्त्यावर टाकू नये, ती कोणाच्या तरी पायात जाते.

ज्या सभासदांना यंदा जायचे असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात अवश्य यावे. लावणीचे वेळापत्रक आपण मिळून बसवू. येताना पायात जे घालून चालणार आहात ते मात्र घालून या.

रामकृष्णहरी!

— ऊस विकास अधिकारी